तबूनेत उतरणारा हात

मन्नूबियाचा उजवा हात हिवाळ्याच्या तोंडावर वर जायचा थांबला. आधी कानापर्यंत जाई, मग खांद्यापर्यंत. शेवटी डोक्याचा रुमालही सून इब्तिसाम बांधू लागली.

बेजा शहराकडून डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावर मन्नूबियाची तबूना होती. कमरेएवढी मातीची भट्टी, तोंड वर, निखारे तळाशी. रव्याची भाकर थापायची, हात ओला करायचा, खांद्यापर्यंत आत घालायचा आणि भाकर आतल्या भिंतीला लावायची. चाळीस वर्षं हेच. गावाचा रोजा तिच्या भाकरीवर सुटायचा.

रमजानला चोवीस दिवस उरले तेव्हा मुलगा लझहर म्हणाला, "आई, पुरे आता. चांद दिसायच्या आत गॅसची भट्टी आणतो. ही मोडू या."

"मोड ना. आधी मला आत घाल, मग मोड."

शहरातल्या डॉक्टरने फोटो काढला होता. हाड शाबूत, सांधा आखडलाय, व्यायाम करा, महिने लागतील. महिने मन्नूबियाकडे नव्हते. ती हमामात, गावच्या न्हाणीघरात, सालिहाकडे गेली. सालिहा म्हणजे घासायला बसली की पाठीची साल काढणारी बाई. तिने खांद्यात कोपर रोवलं.

"ओरड! ओरडल्याशिवाय दुखणं बाहेर पडत नाही."

मन्नूबिया ओरडली. दुखणं आतच राहिलं, झोप तेवढी गेली.

मग ती पलीकडच्या टेकडीवर लल्ला दूजाकडे चालत गेली. दूजा अंग चोळून दुखणी उतरवायची; लल्ला हे तिला मानाने म्हणत. सत्तरीची, अंगाने चिमणीएवढी. तिचा हात हलका आहे, असं लोक म्हणत. कोणी कौतुकाने, कोणी हसून.

"कपडे काढू?"

"थंडी आहे, पोरी. राहू देत. पालथी पड."

दूजाने दोन्ही अंगठे कमरेवर टेकवले. कातडी जराशी मागे ओढली, थांबली, आणि खालच्या स्नायूवरून अलगद पुढे सरकवली. चादरीखालची सुरकुती सारावी तशी.

"खांदा इथे आहे, लल्ला."

"ठाऊक आहे. आत्ता कुठे दाराशी आलेय. घरात मग शिरू."

आणि ती उठून बाहेर गेली. मन्नूबिया वाट पाहत राहिली. बाहेर टोपलीत शेंगांचे दाणे पडत होते.

"लल्ला, झोपलात का?"

"शेंगा सोलतेय. तू पड."

"मग हात कधी लावणार?"

"लावला की."

"तो हात होता? मला वाटलं माशी बसली."

दूजा बाहेरच हसली. मग आत आली, पाठीवर दोनदा अंगठे फिरवले, पुन्हा बाहेर. असं पाच-सहा वेळा. खांद्याची पाळी सगळ्यात शेवटी आली. तोवर मन्नूबियाचे पाय गरम झाले होते, पोट गुरगुरत होतं, आणि ती घोरून दचकून जागी झाली होती.

"उद्या अंग मोडून आल्यासारखं वाटेल," दूजा म्हणाली. "घाबरू नकोस. पाणी पी, रोज थोडं चाल. डॉक्टरने सांगितलेला व्यायाम सोडू नकोस, मी काही डॉक्टर नाही. हाताला मुंग्या आल्या, ताप आला, तर थेट त्याच्याकडे. आणि आठवडाभर दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. हमाम नाही."

"गरम पाणीसुद्धा नाही?"

"पाणी चालेल. सालिहा चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी खरंच अंग ठेचून निघाल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी हात कानाला लागला. मन्नूबियाने स्वतःचा रुमाल स्वतः बांधला. वाकडा बांधला, पण बांधला.

त्याच दिवशी शेजारच्या नवरीचा लग्नाआधीचा हमाम होता. बोलावणं आल्यावर न जाणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मन्नूबिया गेली. नुसती कोपऱ्यात बसेन म्हणाली. सालिहाने तिला बरोबर हेरलं.

"आण इकडे. अर्धं झालंय, उरलेलं मी काढते."

बायका नवरीसाठी जिभेने किलकाऱ्या काढत होत्या. त्या गडबडीत मन्नूबियाने हात दिला. सकाळी तो पुन्हा कुशीला चिकटला होता.

ती दूजाकडे गेली. दूजाने खांद्यावर तळवा ठेवला.

"लग्न कोणाचं होतं?"

मन्नूबियाने मान खाली घातली. "मला वाटलं, हलक्याने एवढं झालं तर जोराने दुप्पट होईल."

"पुन्हा कमरेपासून," दूजा म्हणाली. "पड."

रमजानला नऊ दिवस होते तेव्हा इब्तिसाम तबूनेवर हात बसवत होती. तिने भाकर भिंतीवर आपटली. भाकर सुटून निखाऱ्यांत पडली. दुसरीही पडली.

"अगं, मारतेस काय तिला! नुसती टेकव आणि हात काढ. पुढचं भिंत बघते..."

मन्नूबियाचा डावा हात आपल्याच उजव्या खांद्यावर गेला. पडलेली भाकर करपत होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही. दुसरी घे."

संध्याकाळी आणखी एका हमामाचं बोलावणं आलं. मन्नूबियाने नवरीसाठी बदाम पाठवले आणि स्वतः घरी राहिली.

"लोक रागावतील," इब्तिसाम म्हणाली.

"रागावू देत. खांदा माझा आहे."

पहिल्या रोज्याच्या दुपारी तिने उजवा हात पाण्यात बुडवला. लझहर बाजूला उभा होता. गॅसच्या भट्टीसाठी त्याने जागा मोजून ठेवली होती. मन्नूबिया वाकली. हात कोपरापर्यंत आत गेला, त्याच्याही खाली गेला, आणि अडला. तिने दात आवळले नाहीत. जोर केला नाही. जिथे पोचला तिथे भाकर टेकवली आणि हात काढून घेतला.

भाकर भिंतीला राहिली.

वरची ओळ तिने लावली. खालच्या ओळीपर्यंत हात पोचत नव्हता. ती इब्तिसामने लावली. त्यातली एक पडली.

"मग गॅसच्या भट्टीचं काय करू?" लझहरने विचारलं.

"सरपण आण," मन्नूबिया म्हणाली. "ईदपर्यंत खालची ओळही मीच लावणार आहे."