चिमणाबाई हरवल्या आहेत

वृषभ मगदूमला त्याचं मत विचारावं लागत नाही. तुम्ही समोर उभे राहिलात की झालं. चहात आलं जास्त पडलंय, नव्या बसस्टॉपची शेड वाकडी आहे, शेजाऱ्याच्या जावयाला मिशी शोभत नाही. सगळ्यावर त्याचं मत तयार असतं आणि ते तो चौकाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात देतो. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर निघतं. पण गिऱ्हाइकानं फोटो दिला की हा आधी म्हणणार, "पावणं, ह्या गॉगलात तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यागत दिसताय की," आणि मग छापणार. तरीही गिऱ्हाईक येतं, कारण त्याची बायको रुचिता डिझाइन फार सुंदर करते.

मी क्रांती. माझं औषधाचं दुकान आहे आणि कृष्णात माझा नवरा. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना तेवढा त्रास घेत नाही. तो मूळचा गारगोटीकडचा, आता इथं त्याचं पशुखाद्याचं दुकान आहे. कॉलेजसाठी कोल्हापुरात आला तो वृषभच्या शेजारच्या बाकावर बसला आणि तिथून उठलाच नाही. पुराच्या वर्षी आमच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा पेंडीची पोती पाठीवर घेऊन वृषभनं आपल्या दुकानाच्या माळ्यावर चढवली. प्रत्येक पोत्यागणिक 'दुकान खालच्या अंगाला घेतलंसच कशाला' हे मतही दिलं, पण पोती चढवली. असा माणूस परत मिळत नाही, हे मला आधीच सांगून ठेवायचंय. पुढं मी त्याला बरंच बोलणार आहे.

ह्या दोघांना व्हिडिओ गेमचा नाद. तलवारी, जादूटोणा, राक्षस, आग ओकणारे ड्रॅगन असा एक परदेशी खेळ आहे. त्याचं इंग्रजी नाव इतकं लांब की आमच्याकडं ते कुणी पुरतं घेतलंच नाही. डब्यावर काळ्या बुरुजाचं चित्र होतं म्हणून सगळे त्याला 'बुरूज' म्हणतात. दर रविवारी दुपारी जेवण झालं की कृष्णात वृषभच्या घरी. एक टीव्ही, एक सोफा, दोन रिमोट आणि मधे भाजलेल्या शेंगांची परात. कित्येक वर्षं माझी रविवारची दुपार माझी एकटीची होती, आणि तिच्यासारखं सुख नाही.

ह्या खेळात आपला योद्धा आपण घडवायचा असतो. वृषभनं पांढऱ्या मिशांचा, लाल पटका बांधलेला तलवारबाज केला आणि त्याला आपल्या आजोबांचं नाव दिलं, तात्यासो. कृष्णातनं धनुष्यबाण घेतलेली बाई केली आणि तिला आपल्या आजीचं नाव दिलं, चिमणाबाई. खरे तात्यासो कडक जैन. त्यामुळे खेळातल्या तात्यासोंनाही नेम लागू झाले. ते शिकार करत नाहीत. कंदमुळं खात नाहीत. खेळात सूर्य बुडाला की प्राण कंठाशी आले तरी तोंडात औषधसुद्धा घेत नाहीत. मग रात्रभर त्यांना जगवायचं काम चिमणाबाईंचं. त्या बाण मारून रानडुक्कर पाडायच्या, तेव्हा वृषभ टीव्हीकडं पाठ करून बसायचा आणि विचारायचा, "झालं का न्हाय अजून?"

हाच वृषभ चौकातल्या गाड्यावर कटवडा हाणतो, बटाट्यासकट. मी एकदा टोकलं तर म्हणाला, "वहिनी, मी न्हाय सुधारत. पण तात्यासो आजोबांचं नाव हाय. ते तरी नीट वागू देत."

गेल्या वर्षी 'बुरूज'चा दुसरा भाग आला. पहिल्या भागात दोघं शेवटच्या दारापर्यंत पोचलेले. त्या दाराला दोन बाजूंना दोन साखळ्या, आणि दोघांनी एकदम ओढल्या तरच ते उघडतं. पण नव्याची घाई झाली आणि तात्यासोंना न् चिमणाबाईंना तिथंच दारात उभं करून दोघांनी दुसरा भाग आणला. आणला तेव्हा कळलं की तो एका टीव्हीवर दोघांना खेळताच येत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी आपापला डबा लावायचा आणि इंटरनेटवर भेटायचं. कृष्णातला त्याचं काहीच वाटलं नाही. त्यानं नवा कन्सोल घेतला, त्यात चिमणाबाई नव्यानं घडवल्या, कानाला लावायचं माइकवालं यंत्र घेतलं आणि वृषभला फोन केला, "तू तुझ्या घरातनं ये, मी माझ्या. कानाला लाव की झालं."

"आणि शेंगा?" वृषभनं विचारलं.

"शेंगा काय, तुझ्या तू खा की!"

फोन कट झाला. पुढच्याच आठवड्यात, जिथं जगभरचे खेळाडू खेळाबद्दल बरंवाईट लिहितात त्या पानावर, वृषभचं मत झळकलं. मराठीत, आणि तेही आपल्याकडच्या मराठीत. 'घोडं हडकुळं हाय. ड्रॅगन नुसता धूर सोडतोय, आग न्हाय. पाऊस बघून हसू येतंय, ह्यांनी एकदा चंदगडला येऊन जावं. पहिल्या भागात पाल्याचं औषध होतं, आता सगळी औषधं कंदाची. जैन माणसानं जखमा घेऊन मरायचं व्हय? विकत घेऊ नका.' खाली अंगठा उलटा.

कंदाच्या मुद्द्यावर तो माझ्या दुकानातही येऊन गेला. "वहिनी, तुम्ही एवढी औषधं विकताय. कंदाशिवाय औषध होतंय का न्हाय?" मी म्हटलं, होतं. "मग तेवढं कंपनीला कळवा की, तुमच्या लेटरहेडवर." दुकानात गर्दी होती, तिनं सगळं ऐकलं.

ते मत वाचून लोकांत दोन तट पडले. चहाच्या गाड्यावर पहिल्या भागवाले एका बाकावर, दुसऱ्या भागवाले दुसऱ्या. कुणी म्हणे दुसऱ्या भागात लढाईला वजन आहे. कुणी म्हणे कथा म्हणजे बिनमिठाचा रस्सा. ब्राझीलच्या कुणीतरी त्या मताचं मशीननं भाषांतर करून घेतलं आणि खाली विचारलं, चंदगड हा कितव्या टप्प्यावर लागतो? इथवर गंमत होती.

पण तोवर परदेशी पोरांबरोबर खेळू लागलेल्या कृष्णातनं त्याखाली उत्तर लिहिलं. 'खेळ एक नंबर हाय. तात्यासो म्हातारे झाल्यात, त्यांना घरात बसवा.'

त्याला वाटलं थट्टा. वृषभला ती आजोबांवर गेलेली वाटली. त्यानं उलट लिहिलं की चिमणाबाईंना परक्या पोरांबरोबर हिंडवणाऱ्यानं आम्हाला शिकवू नये. मग ह्यानं लिहिलं, मग त्यानं लिहिलं, आणि सगळ्या जगादेखत दोघांनी पुन्हा एकमेकांचं तोंड न बघण्याचं ठरवलं. रस्त्यात दिसले तर एक दुसऱ्या बाजूला जाई. दिवाळीला वृषभच्या घरचा डबा आला नाही. आमच्याकडूनही गेला नाही. इतक्या वर्षांची दोस्ती हडकुळ्या घोड्यापायी बुडणार, ह्याचा मला संताप आला. आणि खरं सांगायचं तर माझ्या रविवारचाही बोऱ्या वाजला. कृष्णात हॉलमध्ये बसून पोलंडच्या कुठल्यातरी पोराला ओरडत असायचा, "अरं डावीकडनं ये की! डावीकडनं!" ते पोरगं उजवीकडनं यायचं आणि मरायचं.

शेवटी दुकानाची पाटी छापायची म्हणून मी वृषभच्या दुकानात गेले. तो नव्हता, रुचिता होती. विषय निघायला वेळ लागला नाही.

"ताई, मी ते मत सारखं वाचत्येय," ती म्हणाली. "घोडं, धूर, कंद, सगळं लिहिलंय. जे दुखतंय तेवढंच लिहिलं न्हाय."

"काय दुखतंय?"

"भावजी येत न्हाईत ते. दुसरं काय?" ती माऊस फिरवत राहिली. "दर रविवारी आमचे हे पहिला भाग लावून त्या दारापाशी बसत्यात. काय करत्यात ते तुम्ही डोळ्यांनीच बघा. माझ्यानं सांगवत न्हाय."

समजवायला गेलं तर दोघंही वळणारे नव्हते. भांडायला मात्र एका पायावर तयार. तेव्हा त्यांना भांडायलाच एकत्र आणायचं, असं आम्ही ठरवलं. आमच्या इथं माणसाला जागं करायचं तर फ्लेक्ससारखं दुसरं साधन नाही. रुचितानं चिमणाबाईंचा चेहरा खेळातून उचलला, धनुष्य कापलं, डोक्यावर पदर काढला, आणि शनिवारी संध्याकाळी कृष्णातनं शटर ओढल्यावर आम्ही दोघींनी त्याच्याच दुकानासमोरच्या खांबाला फ्लेक्स बांधला.

'चिमणाबाई हरवल्या आहेत. रंग सावळा, नेम अचूक. काळ्या बुरुजाच्या दारातून कुणालाही न सांगता निघून गेल्या. घरचे अन्नपाणी सोडून वाट पाहत आहेत. आढळल्यास रविवारी दुपारी आणून सोडावे. आपले, तात्यासो.'

रविवारी सकाळी पेंड न्यायला आलेला प्रत्येक माणूस आधी विचारू लागला, "व्हय मालक, आज्जी सापडली का?" एकानं म्हशीसाठी भुसा घेतला आणि जाताना म्हणाला की वाडीला दत्ताच्या देवळात बघा, म्हातारी माणसं तिकडंच जातात. फ्लेक्सचा फोटो कुणीतरी गारगोटीला पाठवला आणि कृष्णातच्या आत्याचा फोन आला, "आई जाऊन किती वर्षं झाली, आता आणि कुठं हरवली रं?"

दुपारी कृष्णात न जेवता उठला. "आज त्याला सोडत न्हाय," म्हणून गाडीला किक मारली. मी स्कूटरवरून मागोमाग गेले. भांडण सोडवायला नव्हे, बघायला.

वृषभच्या घराचं दार उघडंच होतं. "तो फ्लेक्स काढ आधी!" असं ओरडतच कृष्णात आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. मीही त्याच्या मागं थांबले.

टीव्हीवर तात्यासो डावी साखळी धरून उभे होते. उजव्या साखळीपाशी चिमणाबाई भिंतीला नाक घासत होत्या. वृषभच्या हातात एक रिमोट होता. दुसरा खाली पाटावर मांडला होता, आणि त्यावर वृषभच्या पायाचा अंगठा. अंगठा दाबला की चिमणाबाई भिंतीवर आपटायच्या. आणि दर वेळी हा माणूस खाली वाकून त्या रिमोटला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. पाय लागला म्हणून.

बाजूला शेंगांची परात होती, भरलेलीच.

"लेका," कृष्णात म्हणाला, पण आवाज पार खाली आलेला. "माझ्या आज्जीला पायानं चालवतोस व्हय?"

"मग काय करू?" वृषभनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "हात दोनच हायत. पाया पडतोय की सारखा." मग म्हणाला, "आणि फ्लेक्स कसला?"

कृष्णातनं माझ्याकडं बघितलं. मी स्वयंपाकघराकडं बघितलं. रुचिता तिथून कधीच सटकली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी हसतेय असंच दाखवलं.

कृष्णातनं चपला काढल्या. पाटावरचा रिमोट उचलला, शर्टाला पुसला आणि म्हणाला, "सरक."

वृषभ सरकला. दोघांनी साखळ्या ओढल्या आणि ते दार उघडलं. आत ड्रॅगन होता. सूर्य बुडत आलेला, तात्यासोंच्या अंगावर जखमा, आणि वृषभ ओरडत होता, "आधी औषध घिऊ दे, लवकर, लवकर!" कृष्णात शेंगा फोडत म्हणाला, "घ्या तात्यासो, दमानं घ्या. चिमणाबाई हाय इथं."

मी घरी येऊन पाय पसरून झोपले.

त्या पानावरचं मत वृषभनं नंतर पुसलं आणि नवं लिहिलं. अंगठा अजून उलटाच आहे. तेवढं त्यानं सोडलं नाही. पण आता तिथं इतकंच आहे: 'खेळ चांगला हाय. घोडंबी बरं हाय. पण सोफ्यावर जागा एकाचीच ठेवलीया.'