लग्न नसलेले चार दिवस

किन्हवलीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या हरेशने एकोणीस वर्षांत शहापूर-मुरबाडची निम्मी लग्नं टिपली असतील. नवरीची मान वळवायची, नवरदेवाच्या काकाला पोट आत घ्यायला लावायचं, रुसलेल्या आत्याला हसवायचं, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण या गड्याला माणसांचा पार वीट आला होता. त्याला एकही माणूस नसलेले फोटो काढायचे होते: काळे खडक, त्यांवर फुटणारी लाट आणि वर आभाळ. कोणाला हसा म्हणायला नको आणि डोळे मिटले म्हणून पुन्हा घ्यायला नको.

त्यासाठी गाडी काढून कोकणचा किनारा पालथा घालायचा बेत त्याने दोनदा आखला आणि दोनदा बुडवला. कारण एकच, हरेशला 'नाही' म्हणता येत नाही. पहिल्यांदा तो एका साखरपुड्यासाठी राहिला आणि दुसऱ्यांदा तर चक्क क्रिकेटच्या बक्षीस समारंभासाठी. दोन्ही वेळा त्याच्या बायकोने, रंजनाने, भरलेली बॅग मुकाट्याने रिकामी केली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

यंदा मात्र त्याच्या हाती घबाड लागलं. एका लग्नाच्या पंगतीत हर्णैच्या एका खलाशाने त्याला भरतीचं गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. घरी येऊन हरेशने पंचांग उघडलं. अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. भरती दुपारच्या सुमाराला, तर ओहोटी उजाडताना आणि पुन्हा दिवस कलताना, नेमकं ऊन कोवळं असतं तेव्हाच. त्यातून ती उधाणाची ओहोटी, एरवी पाण्याखाली असणारे खडकही उघडे पडणार. आणि अमावास्येला लग्न कुठलं असायला? एकोणीस वर्षं दर महिन्याला हा दिवस मोकळा मिळत होता, आणि हे महाशय त्या दिवशी लेन्स पुसत बसत होते. हसावं की रडावं, त्याला कळेना.

चैत्रातली अमावास्या धरून चार दिवस ठरले. अक्षय तृतीयेला लग्न होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी घरी परतायचं. नकाशा जमिनीवर पसरला. मुरबाड, म्हसा, कर्जत, पेण, मग मुरूड. पुढे जेट्टीवर गाडी बोटीत चढवून खाडी ओलांडायची आणि हरिहरेश्वरचे खडक गाठायचे.

"अवसेला कोन घर सोडतं?" रंजना आधी म्हणाली. पण गाडी बोटीत चढते हे ऐकल्यावर तिची अवस तिथेच विरघळली. ती रोज नवीन काहीतरी विचारायची. गाडी चढताना बोट कलंडत नाय का? खाऱ्या वाऱ्यानं कॅमेरा खराब व्हईल, त्याला पिशवी शिवू का? हरेश तर लग्नात नवरीला 'जरा ओहोटीकडे बघा' म्हणून गेला. सगळा मांडव हसला.

निघायला दोन दिवस असताना म्हशाहून चंदरमामा आले. हरेशला पहिला कॅमेरा घेऊन दिला तो याच मामांनी.

"हऱ्या, समीक्षाच्या पोरीचं बारसं धरलंय," मामा आपल्या लेकीचं नाव घेत म्हणाले. "अवसेच्या दुसऱ्या दिशी. तू हायेस ना?"

"बघतो मामा. म्हंजे, येतोच," हरेश म्हणाला आणि त्याने पायानेच नकाशा कॉटखाली सारला.

रंजनाने ते पाहिलं. ती आत गेली आणि सुपारी घेऊन बाहेर आली. इकडे लग्नाची तारीख ठरली की वाजंत्री आणि फोटोवाला यांच्या हातावर सुपारी ठेवतात. ती घेतली की ते दिवस दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत. हरेशने हा शब्द कधी मोडला नव्हता. मामांच्या देखत तिने त्याच्या तळहातावर सुपारी ठेवली.

"चार दिसांची," ती म्हणाली. "ऑर्डर माझी हाय."

हरेशने मूठ मिटली. मामा एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. मग रंजनाने कॉटखालून नकाशा ओढला आणि सगळा बेत एका दमात सांगून टाकला.

"मंग तोंड उघडायला काय झालतं रे?" मामा म्हणाले. "बारसं पुढल्या आयतवारी करू. पोर काय पलून चाललीय?"

हरेश ओशाळला. एकोणीस वर्षांत त्याला कोणीच अडवलं नव्हतं. त्याने कधी कोणाला काही सांगितलंच नव्हतं.

मामा तोवर नकाशावर वाकले होते. "गाडी बोटीवर चढते म्हंतेस? मला बी न्याल काय? मागं गप बसेन मी."

'या की' हरेशच्या अगदी ओठांवर आलं. त्याने रंजनाकडे पाहिलं. ती खाली मान घालून नकाशाच्या घड्या घालत होती.

"नाय मामा," तो म्हणाला. "या खेपेला आमी दोघंच."

मामा खो खो हसत सुटले. रंजना चहा टाकायला आत गेली आणि साखर कुठे ठेवलीय म्हणून तिने आतून दोनदा विचारलं. साखरेचा डबा तिच्या हातातच होता.