आता आपण कुशीवर वळू

मार्गशीर्षातल्या पहाटे नांदेडच्या आमच्या घरात दोनच वास असतात: एक मायच्या पाठीला लावायच्या पावडरचा, दुसरा वहिनीने उकळत ठेवलेल्या आल्याच्या चहाचा. दूर गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचे सूर धुक्यातून विरत विरत येतात, खिडकीच्या काचेवर करडा प्रकाश साचू लागतो आणि मी मायच्या खाटेपाशी उभी राहून तळहात एकमेकांवर चोळत असते, कारण थंड हात रुग्णाला लावू नये. पक्षाघाताने तिचे डावे अंग गेले. जीभ मात्र शाबूत राहिली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात.

त्या पहाटेही मी सुरुवात केली. “रुग्णाचा डावा हात पोटावर घ्यावा. गुडघा हलकेच दुमडावा. आता आपण कुशीवर वळू.”

माय छताकडे बघत म्हणाली, “रुग्ण कोण गं? म्या तुझी माय हाय. अन् कुणाला शिकवून राहिलीस? हितं हाय कोण दुसरं?”

दुसरे कुणी नव्हते. म्हणजे वहिनी होती, माझ्या भावाची बायको, पलीकडून चादर धरून उभी. मायला गावाकडून इकडे आणले तेव्हा तीही सोबत आली आणि राहिली. पण तिला मी कधी धरलेच नव्हते हिशेबात.

परिचारिकांना शिकवणाऱ्या परिचारिकेला जडणारी ही खोड आहे. वर्षानुवर्षे मुलींच्या घोळक्यात एकेक कृती बोलून दाखवता दाखवता हात आणि तोंड यांची अशी काही गाठ बसते की तोंड मिटले तर हातही अडतात. मी दूध तापवतानाही पुटपुटते. एकदा भाजीवाल्यासमोर गवार निवडताना मी “आधी निरीक्षण करावे” असे मोठ्याने म्हणाले, तेव्हा तो बिचारा तराजू तपासू लागला होता.

कंधारच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून मी नांदेडला नर्सिंगच्या डिप्लोमाला आले, तेव्हा मला फक्त वॉर्ड माहीत होता. सकाळच्या तिरप्या उन्हात ओळीने मांडलेल्या खाटा, फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीचा वास, आणि प्रत्येक खाटेवरच्या माणसाचे गाव, त्याची म्हैस, त्याचा रुसलेला जावई. मग बी.एस्सी. झाले, पुढे एम.एस्सी. झाले, ट्यूटरची लेक्चरर झाले. प्रत्येक पदवीने मला एक पायरी वर नेले आणि खाटेपासून थोडे लांब नेले. आधी मी रुग्णाच्या उशाशी होते, मग मुलींना घेऊन पायथ्याशी उभी राहू लागले, मग प्रयोगशाळेतल्या रबरी पुतळ्यापाशी, जो कितीही चुकीची सुई टोचली तरी हूं की चूं करत नाही. आता बहुतेक वेळ खुर्चीत जातो. हजेरीपट, तपासणी समित्या, परीक्षेच्या तारखा. संध्याकाळी पाय दुखतात ते उभे राहून नव्हे, बसून बसून.

आणि आता पीएच.डी. तिच्याशिवाय प्राध्यापकपद नाही, हे प्राचार्यांनी गोड शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकवले होते. ज्या मुलींना मी थर्मामीटर झटकायला शिकवले, त्यांच्या नावामागे आता ‘डॉक्टर’ लागते. खरे सांगते, मला त्यांचा हेवा वाटत नव्हता. थकवा वाटत होता. तरी प्रवेश परीक्षा दिली, पासही झाले. लातूरला मुलाखत होती, आणि जागा मिळाली तर काही महिने तिथेच राहून अभ्यासक्रम पुरा करायचा होता. वयाचा विचार करता ही शेवटचीच संधी. मी मनातल्या मनात नकार ठरवून टाकला होता. मायला कोण वळवणार? हे कारण इतके निखळ होते की त्याच्या आड माझा सगळा शीण बिनबोभाट झाकला जात होता. वहिनी म्हणायची, “वन्स, तुमी जावा की बिनघोर. म्या हाय ना.” मी नुसती हसायचे. कूस बदलायला असे काय लागते, असे तिला वाटत असेल, असे मला वाटायचे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी कॉलेजला निघाले, कोपऱ्यावर ऑटोत बसले आणि चष्मा घरीच राहिल्याचे लक्षात आले. परत आले. दार लोटलेले होते. आतून आवाज येत होता.

“रुग्नाचा डावा हात पोटावर घ्यावा. हं, आत्याबाई, तुमीच रुग्न बरं का. गुडघा दुमडावा.”

“घ्यावा बाई, घ्यावा,” माय खुदुखुदु हसत होती. मी इतक्या महिन्यांत तिला असे हसवले नव्हते.

मी दाराआडून पाहिले. वहिनीने शेजारच्या मावशींना पलीकडून चादर धरायला लावले होते. मायच्या पाठीमागे उशी टेकवली होती, दोन गुडघ्यांमध्ये मऊ गोधडी, टाचा खाटेपासून अधांतरी. पाठीवरून हात फिरवत ती लालसर डाग कुठे आहे का ते बघत होती, अगदी मी बघते त्याच क्रमाने. कुठेच काही चुकत नव्हते. ज्या बाईला मी फक्त चादरीचे दुसरे टोक समजत होते, ती रोज माझ्या तासाला बसत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, कारण लातूरला न जाण्याचे माझे एकुलते एक कारण माझ्याच बडबडीने माझ्या हातून काढून घेतले होते. मी चष्मा न घेताच परत फिरले आणि दिवसभर मुलींचे चेहरे अंधुक पाहिले.

दुसऱ्या दिवशी लातूरची बस धरली. लोह्याच्या पुढे दोन्ही अंगांना तूर पिवळीजर्द फुलली होती, सोयाबीन निघालेली काळी राने मध्येमध्ये उघडी पडली होती, आणि खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्याला धूळ आणि ओल्या कडब्याचा वास होता. इतके सुंदर दिसत असताना मला फक्त झोप हवी होती.

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या उमेदवारांत मीच सगळ्यांत मोठी. शेजारच्या मुलीने मला परीक्षक समजून उठून नमस्कार केला. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती, थोडी गांगरलेली.

“वन्स, आत्याबाई आडून बसल्यात. काल हसून घेतलं, आज म्हन्तात, तिचा आवाज आल्याबिगर म्या वळत न्हाई.”

मागून मायचा आवाज आला, “फोन हितं कानापाशी धर.”

त्या ओळीत बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे तोंड केले, मग वाटले, कशाला, आणि पुन्हा वळून बसले.

“माय,” मी म्हणाले, “तुझा डावा हात वहिनी पोटावर घेईल. घेतला? आता गुडघा. घाई न्हाई. आता आपण कुशीवर वळू.”

खाट करकरली. वहिनीच्या बांगड्या वाजल्या. मायचा तो ओळखीचा लांब हुंकार आला, आणि माझेच अंग कुशीवर वळल्यागत सैल झाले.

दार उघडून शिपायाने माझे नाव पुकारले. मी उठले. फोन अजून कानालाच होता.

“झालं का गं तुझं शिकवून?” मायने विचारले.

“न्हाई माय,” मी म्हणाले, “अजून न्हाई,” आणि आत गेले.