सोमामामाचं घोंगडं

सोमामामा वासरांवर गुरगुरायचा. डोक्यावरून घोंगडं घेऊन, हातापायांवर रांगत तो गोठ्यात शिरायचा आणि वाघासारखा आवाज काढत वयात आलेल्या गोऱ्ह्यांवर झेपावायचा. जो पळाला, तो खच्ची होऊन नांगराला जायचा. जो शिंगं रोखून अंगावर आला, तोच कळपाचा वळू. मामाचे पुढचे दात या परीक्षेतच गेले होते.

त्याचं गाव पेठच्या डोंगरात. तिथली गुरं डांगी. पावसाळाभर उघड्यावर राहिली तरी त्यांच्या तेलकट कातडीवर पाणी ठरत नाही. पण पावसातून वाचलेल्या जनावराला बिबट्या गाठतो. गरीब स्वभावाचं जनावर तिथे टिकत नाही. मी पंचवटीत वाढलो. आमच्याकडचा वळू लोकांच्या हातून पोळ्या खातो, रिक्षावाले त्याला थोपटून बाजूला करतात. त्याला पाहून मामा थुंकला होता. म्हणाला, "ह्याला आमच्याकडं नेला तर वाघ एका रातीत जेवून हात धुईल."

मामाही त्याच्या वळूंसारखाच मारकुटा. पोरांना, शेजाऱ्यांना, एकदा तर भर लग्नात व्याह्याला त्याने बदडलं होतं. मला मात्र खांद्यावर घेऊन हिंडायचा. मला त्याची भीती वाटायची आणि तो मला फार आवडायचा.

चार वर्षांपूर्वी, सत्तरी उलटलेली असताना, त्याने पुन्हा घोंगडं घेतलं. त्याचा मुलगा पांडू नको नको म्हणत राहिला. मी दाराशी उभा होतो. दोन गोऱ्हे पळाले. तिसरा, काळाबांडा, पळाला नाही. त्याने मामाला कुडाशी दाबलं, पोटात शिंग घातलं, उचलून आपटलं आणि पुन्हा चालून आला. पांडूने कुऱ्हाड उचलली. रक्तात पडलेल्या मामाने पांडूचा पाय धरला.

"हात लावू नको त्याला," मामा म्हणाला. "वळू घावला."

जीप नाशिकला पोचायच्या आत तो गेला.

त्या जनावराचा मला अजून राग येतो. दहाव्यालाच मी पांडूला सांगितलं होतं, की त्याला मारून टाक. पांडूने त्याला कळपातच ठेवलं.

यंदा गेलो, तर काळ्याबांड्याचे गोऱ्हे वयात आले होते. अंगणात पांडू घोंगडं शिवत बसला होता, शिंगाने फाटलं होतं तिथे. त्याने दोरा दाताने तोडला आणि उठला.

"दाराशी थांब," तो मला म्हणाला. "पण काय बी झालं तरी कुऱ्हाड उचलू नको."