पायाळूची प्रॅक्टिकल

"मार गो लाथ! कवाची वाट बगते मी. मार ना!"

म्हातारी लाकडी टेबलावर पालथी पडून ओरडत होती. तिचा आवाज आमच्या गल्लीतून निघून तळ्यापर्यंत गेला आणि तिथे पाण्यात डुंबणाऱ्या दोन म्हशी उठून उभ्या राहिल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण उठल्या असणारच. असा आवाज ऐकून बसून राहील अशी म्हैस पनवेलात नव्हती.

टेबलाच्या अलीकडे मी. ओढणी कमरेला बांधलेली, बांगड्या काढून ठेवलेल्या, हातात कोमट तेलाची वाटी. पलीकडे पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडम, पेन उघडून तयार. कोपऱ्यात स्टुलावर आमच्या बाई, म्हणजे ज्यांच्या दवाखान्यात आम्ही चौघीजणी सहा महिने मालिश शिकलो त्या वैद्यबाई. कोर्सची शेवटची प्रॅक्टिकल चालू होती. मला समोरच्या पेशंटची पाठ-कंबर चोळून दाखवायची होती, आणि पेशंटला चोळून घ्यायचंच नव्हतं.

"मी तेलासाटी नाय आयली," म्हातारीने मान वळवून मॅडमना सांगितलं. "लाथेसाटी आयली. ही पोर पायालू हाय."

मॅडमनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं.

आता यात खोटं काही नव्हतं. मी पायाळू आहे. आईच्या पोटातून मी आधी पाय बाहेर काढले आणि डोकं सावकाश, जगाचा अंदाज घेऊन. अशा माणसाने उसण भरलेल्या कमरेला तीनदा पाय लावला की उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी चार वर्षांची असल्यापासून लोक आमच्या उंबऱ्याशी पालथे पडायला यायचे. पोस्टमन पत्र टाकायच्या आधी पालथा पडायचा. एकदा एक ट्रकवाला आला, त्याला माझी लाथ अशी काही लागली की तो उठला, ट्रकमध्ये बसला आणि थेट घाट चढून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ट्रकमध्ये माल भरायचाच राहिला. मच्छी बाजारात तर मी कोळणींना सांगून ठेवलं होतं की माझा डावा पाय कमरेला आणि उजवा मानेला. त्या बायका गावोगाव टोपल्या घेऊन फिरायच्या. त्यामुळे माझे पाय मी न जाताच उरणपर्यंत पोचले होते. उलव्याकडच्या मिठागरात जन्म काढलेल्या या म्हातारीपर्यंत ते असेच पोचले. सुनेला बरोबर घेऊन ती टमटममधून एवढ्या लांब आली ती परीक्षेला पेशंट मिळावेत म्हणून बाईंनी दाराशी लावलेल्या 'फुकट मालिश'च्या पाटीसाठी नव्हे. ती माझ्याच थापांच्या मागे मागे आली होती.

पण त्या दिवशी मला लाथेची नाही, मालिशची परीक्षा पास व्हायची होती, आणि ती मला फार हवी होती. त्याआधी मी टायपिंगला तीनदा नापास झाले होते. माझी बोटं जोरकस. पहिल्यांदा कागद फाटला, दुसऱ्यांदा रिबन तुटली, तिसऱ्यांदा मी नापास झाले की मशीन, यावर इन्स्टिट्यूटवाल्यांचं एकमत होईना. वडील सरकारी नोकरीतले, मोजकं बोलणारे. मालिशच्या कोर्सला जाते म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि सांगितलं की ठीक आहे, पण ही शेवटची परीक्षा. यानंतर घरी बसायचं. इकडे बाईंनी सांगून ठेवलं होतं की गावातल्या एका आयुर्वेदिक हॉस्पिटलात पंचकर्माच्या खोलीत एक बाई हवी आहे, पास होणाऱ्यांतली एक त्या पाठवणार. एक जागा, आम्ही चौघी. बाकी तिघी माझ्याइतक्या चांगल्या नव्हत्या, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगायची.

शिकायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या बोटांचं आता सोनं होणार. पहिल्याच दिवशी मी बाईंना माझ्या पायांची कीर्ती सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "छान. उद्यापासून पाय बाहेर चपलांजवळ ठेवून ये."

पहिला महिना बाईंनी तेलाच्या बाटलीचं बूचही उघडू दिलं नाही. नखं कापा. अजून कापा. हात धुवा. बोटं गार असतील तर एकमेकींवर चोळून गरम करा. मग वर्तमानपत्राच्या पानाखाली त्या एक केस ठेवायच्या आणि आम्ही डोळे मिटून बोटाच्या टोकाने तो शोधायचा. एका पानाखाली सापडला की दोन पानं, मग चार. मी महिन्याभरात अख्ख्या दिवाळी अंकाखालचा केस ओळखू लागले, आणि तो कोणाच्या डोक्याचा हेही सांगायचे. बाकीच्या तिघी म्हणायच्या, ती फेकते. पण पान उचललं की केस असायचा, एवढं त्यांनाही कबूल करावं लागायचं.

दाब शिकवायला बाईंनी कणीक मळायला बसवलं. कणकेत एक चिंचोका लपवायचा आणि मळता मळता तो कुठे आहे ते सांगायचं, पण चिंचोका बोटाला टोचू द्यायचा नाही. मग एकमेकींच्या पाठी. तेलाची वाटी गरम पाण्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. हातापायांवर लांब हात, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्यांबरोबर, आणि पाठीला मणक्याच्या दोन्ही बाजूंनी. मणक्यावर नाही. मणक्यावर कधीच नाही. हे बाई इतक्यांदा म्हणायच्या की आमच्यातली एक झोपेत ते बडबडली आणि तिच्या सासूने घाबरून अंगारा लावला.

आणि एक वही. त्या वहीला आम्ही 'नकोची वही' म्हणायचो. कोणाला हात लावायचा नाही, याची ती वही. ताप असेल तर नाही. पोटभर जेवून आला असेल तर नाही. पोटरी एकच सुजली आणि गरम लागली तर अजिबात नाही. पडल्यानंतरचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग आपण. वही भरत गेली आणि मला वाटू लागलं की हा धंदा हात लावायचा आहे की हात मागे घ्यायचा. एकदा मी तसं विचारलंही. बाई म्हणाल्या की चोळता न्हाव्यालाही येतं.

तर अशी तयार होऊन मी त्या टेबलाशी उभी होते, आणि म्हातारी लाथ मागत होती.

मॅडमचा चेहरा पाहून मला कळलं की आता लवकर काहीतरी करायला हवं. मी वाटी खाली ठेवली, कमरेत वाकून म्हातारीच्या कानाशी गेले आणि आवाज मऊ करून म्हटलं, "मावशी, लाथेचं नंतर बघू. आधी सांगा, दुखायला कधी लागलं?"

"परवा."

"कशानं?"

"उसन भरली."

"पडलात का कुठे?"

"नाय."

उत्तर फार पटकन आलं. मी इतकी वर्षं पनवेल आणि आसपासच्या गावांना बनवत आलेली, त्यामुळे दुसरं कोणी मला बनवू लागलं की माझे कान आपोआप उभे राहतात. मी पुन्हा विचारलं, पडलात का. नाय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हातारी 'नाय' म्हणाली आणि दाराशी उभी असलेली तिची सून छतावरच्या पंख्याकडे बघू लागली. पंखा बंद होता.

मग मी एक बोट, फक्त एक, तिच्या मानेखाली ठेवलं आणि मणक्यामणक्याने खाली येत गेले. दाब नाही. पानाखालच्या केसाला बोट लावायचे तेवढंच. वरचे सगळे मणके म्हातारीने मुकाट सोसले. बरगड्या जिथे संपतात त्याच्या जरा खाली एका मणक्यावर बोट टेकलं, आणि एवढा वेळ गल्ली दणाणून सोडणारी ती बाई एकदम गप्प झाली. श्वाससुद्धा थांबला. तिची मूठ टेबलाच्या कडेवर वळली. बोट उचललं, श्वास सुटला.

मी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "मिठाच्या बांधावरून पडल्या. बसत्या आपटल्या. बोलू नको म्हनल्या, पडल्याचं कलला तर कोन लाथ मारनार नाय."

"गप गो!" टेबलावरून आवाज आला.

आता माझी गंमत बघा. लाथ मारली असती तर म्हातारी खूश. पाठ चोळली असती तर मॅडम खूश. मणका सोडून बाजूबाजूने हलका हात फिरवला असता तर कोणाला काही कळलं नसतं, आणि मला तेवढं कसब होतं, कोणी नाही म्हणू दे. मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की बाई एकदा तरी बोलतील तर बरं.

मी हात धुतले.

मॅडमनी विचारलं, "मालिश?"

"करणार नाही. आधी एक्सरे."

"ही मालिशची परीक्षा आहे. मालिश झाली नाही तर मार्क कशाचे देऊ?"

माझ्या डोळ्यांपुढे वडील आले. पेपर खाली ठेवलेले. मी म्हटलं, "नका देऊ. पण हिला मी हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही." एवढं बोलून मी टेबलापुढे आडवी उभी राहिले. आवाज चांगला मोठा निघाला होता.

बाई स्टुलावरून उठल्या, बाहेर गेल्या आणि दवाखान्यातलं बाकडं आमच्यातल्या दोघींकडून आत आणवलं.

म्हातारीला आम्ही लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध उचलून बाकड्यावर घेतलं, तेही शिकवलेलंच होतं, आणि आम्ही चौघी बाकडं धरून एक्सरेवाल्याकडे निघालो. दोन गल्ल्या चालायचं. पांढऱ्या चादरीखाली माणूस, चार बायका खांदा दिल्यासारख्या, मागून सून रडवेली. रस्त्यातले लोक बाजूला होऊ लागले. एका दुकानदाराने चप्पल काढून हात जोडले. तेव्हा चादरीतून मुंडी बाहेर आली आणि म्हणाली, "जिती हाय मी! पोरी लाथ मारीत नाय म्हनून ही दशा." दुकानदाराचे हात तसेच जोडलेले राहिले. माझ्या माहितीप्रमाणे संध्याकाळपर्यंत.

एक्सरेत मणका पुढून चेपलेला दिसला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून पहिलं काय विचारलं, तर हिची कंबर कोणी दाबली-बिबली नाही ना. मॅडम आमच्या मागोमाग आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही. हिने दाबू दिली नाही."

परतल्यावर त्यांनी कागद काढला. तपासणीच्या रकान्यात जेवढे मार्क देता येत होते तेवढे दिले, मालिशच्या रकान्यात आडवी रेघ मारली, आणि मग सांगितलं की उद्या सकाळी दुसरी पाठ आणा. दुसऱ्या दिवशी ती दुसरी पाठ म्हणून बाई स्वतः टेबलावर आडव्या झाल्या. मी त्यांना असं चोळलं की दहाव्या मिनिटाला त्या घोरू लागल्या. त्या हे मान्य करत नाहीत. पण मॅडमनी ऐकलं आणि रेघेच्या वर आकडा लिहिला. पुढच्या आठवड्यात पंचकर्माच्या खोलीत मी रुजू झाले. वडिलांनी पेपर वाचता वाचताच मान हलवली, म्हणजे त्यांच्या मानाने त्यांनी पेढेच वाटले.

महिन्याभराने एका रविवारी मी उलव्याला गेले. म्हातारी कमरेला पट्टा बांधून बाजेवर सरळ पडली होती आणि तिथूनच सुनेला मासळी कशी कापायची ते सांगत होती. मला बघून तिने फक्त माझ्या पायांकडे नजर टाकली. मी बाजेशी बसले आणि तिला सगळं नीट समजावलं. मणका कसा असतो, चेपलेला मणका म्हणजे काय, त्यावर माझ्यासारखीची लाथ बसली असती तर कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं असतं, सुनेला जन्मभर उचलून न्यावं लागलं असतं. मी जरा वाढवूनच सांगितलं. सुनेच्या हातातली सुरी थांबली. शेजारची दोन घरं दाराशी येऊन उभी राहिली.

म्हातारीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग हलू मारायची," ती म्हणाली.