लोकरीची वाकलेली बाई

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. शेजारच्या शांताबाईकडून उसना आणलेला साबण तिनं ऐन माझ्या आंघोळीच्या वेळी परत मागितला! झिजून चपटा झालेला तुकडा मी दारातून दिला.

जंगलालगतच्या मोहर्लीच्या एका रिसॉर्टात बायांना लोकरीची चित्रं शिकवतात. ओल्या लोकरीला साबण लावून चोळत राहिलं की ती घट्ट होते, हवा तो आकार धरते. शांताबाई तो तुकडा घेऊन तिकडेच निघाली; फुकटच्या चहासाठी मीही मागोमाग गेलो.

शिकवणाऱ्या मॅडम शहरातल्या. जंगलावर अपार प्रेम, पालीला मात्र भितात. सगळ्यांकडून वाघच करून घेत होत्या.

शांताबाईच्या हातात वेगळंच काही होतं.

"किती गोड रानडुक्कर! शेपटी लावा, गेस्ट लगेच उचलतील," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले.

"डुक्कर नाई मॅडम, माही बहीण हाये. वाकून मोहफुलं वेचून राह्यली होती." शांताबाईचे हात थांबले नाहीत. "वाघालेबी असंच वाटलं."

मॅडमनी जरा विचार केला. "मग साडी रंगीत करू या. विकायला बरं."

अशा जंगलप्रेमींना तुमच्याकडे काय म्हणतात? मला छापण्याजोगा शब्द सुचत नाही.

पण हसणाऱ्यांत मीही होतो. त्या बहिणीच्या मयतीला गेलेला मी.

कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा साबण आणला आणि शांताबाईच्या हाताशी ठेवला.