आप्पा टेलर फिरायला निघतात

हातात रॉकेलचा रिकामा डबा असल्याशिवाय आप्पा टेलर सकाळी घराबाहेर पडत नसत. सत्तरच्या दशकातल्या आमच्या सोलापुरात धडधाकट माणसानं कामावाचून चालणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. चार पावलं टाकली की कोणीतरी विचारणारच, "आप्पा, कुटं चाललाव?" वर सायकलच्या कॅरिअरवर बसवून पोचवायलाही तयार. डबा दिसला की प्रश्न मिटायचा.

खरं कारण गल्लीत मलाच ठाऊक होतं. छातीत कळ आली त्या दुपारी टांग्यात घालून मीच त्यांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, तंबाखू बंद, तेल-मीठ बंद, रोज दोन मैल चालायचं. नाहीतर पुढचा झटका सांगून येणार नाही. आप्पांनी घरी परतल्या दिवशीच तंबाखूची डबी गटारात टाकली आणि काकूंना अळणी भाजी शिजवायला लावली. शेंगाचटणीची वाटी मात्र ताटाशेजारी लागायचीच. भाकरीच्या घासागणिक ती नाकाशी न्यायची आणि परत ठेवायची. "वास घ्यायला डॉक्टरनं मना केलं न्हाय की," म्हणायचे.

आजाराची वाच्यता मात्र त्यांना नको होती. "लगीनसराई तोंडावर आलीया. आप्पाचं काळीज अधू हाय म्हटल्यावर कोण कापड टाकंल? मधीच गेलो तर कापड अडकंल म्हणतील. तू कुणाला बोलू नगंस." मी बोललो नाही. घात डब्यानंच केला.

त्या उन्हाळ्यात रॉकेलची भयंकर टंचाई होती. एका सकाळी आप्पा डबा हलवत निघाले, तर मागून एक बाई डबा घेऊन निघाली. तिच्यामागे आणखी दोघं. सात रस्ता चौकात पोचेपर्यंत आप्पांच्या पाठीमागे पाऊणशे माणसांची रांग लागली होती. कामावर जाता जाता सायकल थांबवून मी ते पाहत होतो. आप्पांनी पाऊल उचललं तशी रांगही पळू लागली. पळायची तर डॉक्टरांची बंदी. शेवटी ते एका दुकानाच्या पायरीवर टेकले.

"रॉकेल कुटंच आलं न्हाय," ते म्हणाले. "माझ्या काळजाला दुखणं हाय. त्याला फिरवाय नेतोय."

दुपारपासून माणसं कापड परत न्यायला येऊ लागली. आप्पा ज्याचं त्याला नीट घडी घालून देत होते. पाचवा मी होतो. माझं लग्न तीन आठवड्यांवर होतं आणि वडिलांनी पाठवलं होतं. नाही म्हणता आलं असतं, पण म्हटलं नाही.

"वडील म्हणतात..." मी सुरुवात केली.

"बराबर हाय त्यांचं." कोटाचं कापड माझ्या हातात देऊन वर त्यांनी मापांचा कागदही ठेवला. "हे बी ने. नव्या शिंप्याचा येळ वाचंल."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा मोकळ्या हातानं, भर उजेडात, सगळ्या गिऱ्हाइकांच्या दारावरून चालू लागले. कोणी बघितलं की थांबून सांगायचे, "हाय अजून. कापड असलं तर धाडा." सराई संपेतो निम्मी गिऱ्हाइकं परत आली. पुढे आप्पा पुष्कळ वर्षं जगले, तसेच अळणी जेवत आणि चालत. पण त्यांचं नाव निघालं की मला माझं लग्न आठवतं.

मोहोळला, मुलीच्या गावी, मांडवात उभा होतो. नव्या शिंप्यानं घाईत शिवलेला कोट अंतरपाट धरायच्या आधीच काखेत उसवला. हात अंगाशी आवळून मी इकडेतिकडे बघतोय, तोच आप्पा गर्दीतून पुढे आले. कॉलरमागे टोचलेली सुई काढून म्हणाले, "हात वर कर."

भटजी घाई करत होते. आप्पा सावकाश टाके घालत होते. इतक्या जवळून त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"आप्पा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"हलू नगंस," आप्पा म्हणाले. "सुई लागंल."